मेलेल्या पोलिसाचं नाव घेऊन जगणारा हिरो : हे खरंच शक्य होतं का?

प्रेअरीतली_सांगलीकर :

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी सध्या कॅनडात सस्काटूनला असते, बाहेर उणे ३४ आहे आणि वाऱ्यामुळे उणे ४५ 'वाटतंय' असं फोन सांगतोय (वाटतंय कसलं, नाक गळून पडायची वेळ आलीय), त्यामुळे आठवडाभर घरात कोंडून घेऊन एक जुनी कादंबरी वाचली. जेम्स ऑलिव्हर कर्वुडची 'द रिव्हर्स एंड', १९१९ची. जुनी आहे त्यामुळे नेटवर फुकट मिळते. मी उचलली ती फक्त एवढ्यासाठी की ती घडते प्रिन्स अल्बर्टला, म्हणजे आमच्यापासून उत्तरेला दीडशे किलोमीटरच्या आत, तिथल्या मॉलमध्ये मी दोनदा जाऊन आलेय.

गोष्ट थोडक्यात, शेवट सांगत नाही. जॉन कीथ नावाचा माणूस, त्याच्यावर एका न्यायाधीशाच्या खुनाचा आरोप, तो उत्तरेत पळून गेलाय. त्याच्या मागावर कॅनडाच्या माउंटेड (म्हणजे घोडेस्वार) पोलिसातला कॉनिस्टन नावाचा इंग्रज. दोन वर्षांच्या वर पाठलाग चालतो आणि शेवटी पार आर्क्टिककडच्या एका केबिनमध्ये तो त्याला पकडतो, पण तोवर थंडीने पोलिसाचंच फुप्फुस गेलेलं असतं आणि तो मरायला टेकलेला. आता गंमत अशी की दोघं दिसायला जवळजवळ सारखे! मग हा मरणारा पोलीसच आपल्या कैद्याला म्हणतो की बाबा रे, मी चाललो, तू माझं नाव घे, माझे कपडे घाल आणि परत जाऊन सांग की कीथ मेला. कपाळावरचा व्रणसुद्धा जुळावा म्हणून तापलेल्या नळीने डागून घेतात. कीथ त्याला पुरतो आणि कॉनिस्टन बनून प्रिन्स अल्बर्टला येतो. तिथे इन्स्पेक्टर शाबासकी देतो, सगळं जमून जातं, आणि मग इंग्लंडहून येते कॉनिस्टनची बहीण! जिच्याबद्दल याला काहीच धड माहीत नाही. ती याच्या गळ्यात पडते, भाऊ भाऊ करते, आणि याचं तिच्यावर प्रेम बसतं. म्हणजे बघा, खरं सांगावं तर फाशी, नाही सांगावं तर ती आयुष्यभर बहीण.

माझे दोन प्रश्न. एक, त्या काळात हे खरंच चालून गेलं असतं का, की लेखकाची सोय? दोन, कायद्याचं सोडा, या माणसाला हिरो म्हणायचं का? मला तो आवडला, पण प्रत्येक वेळी ती बहीण जुन्या आठवणी काढते आणि हा "हो हो" करतो तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. रोज रात्री आईला फोनवर थोडीथोडी गोष्ट सांगते, तिचं म्हणणं "मेल्याला लाज नाही". असो. बोला.

कावळा_कोकणातला :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोप्पंय ताई, बोटांचे ठसे. १९१९ म्हणजे काय पेशवाई नाही, ठसे तेव्हा होते. एक शाईचं पॅड आणलं की कादंबरी पान तीसवर खल्लास, पुढचं प्रेमबिम वाचायची गरजच नाही.

दुसऱ्याचं उत्तर : आईशी सहमत.

निवृत्त_वकील :

कावळेसाहेब, घाई नको.

ठसे होते हे बरोबर, आणि त्यात आपल्याकडच्या लोकांचा वाटा मोठा आहे. गुन्हेगारांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं, वर्गीकरणाची पद्धत हेन्रीसाहेबाच्या नावाने ओळखली जाते पण आकडेमोड अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी बसवली. तीच पद्धत १९०१ला लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली, आणि १९११ मध्ये ओटावात, म्हणजे कॅनडाचं राष्ट्रीय कार्यालय तेव्हाचं. पण मला सांगा, ताडून बघायला आधीचा ठसा कोणाचा आहे? हा कीथ कधी अटकेत पडलेलाच नाही, खुनाच्या रात्रीच पळाला असेल तर त्याचे ठसे घेणार कोण. ठसे घेतले जायचे गुन्हेगारांचे. ठसा काही स्वतःहून नाव सांगत नाही, तो फक्त एवढंच सांगतो की हा आणि तो एकच. 'तो' दप्तरी नसेल तर पॅड आणि शाई घेऊन बसा.

मी जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात तीसेक वर्षं काढली आणि अनुभव असा की ओळखीच्या बाबतीत सगळ्यात बेभरवशाचा पुरावा म्हणजे माणसाचे डोळे, आणि ज्युरी असो की न्यायाधीश, सगळ्यात जास्त विश्वास बसतो तोही डोळ्यांवरच. साक्षीदाराने पिंजऱ्याकडे बोट केलं की सगळं कोर्ट तिकडे वळतं. म्हणून आपल्याकडे ओळखपरेड असते, सारख्या दिसणाऱ्या माणसांत आरोपीला मिसळून उभं करायचं, आणि तरीसुद्धा ती परेड म्हणजे मूळ पुरावा नाही, नुसता दुजोरा. कोर्टात केलेली ओळख हाच पुरावा. हे लोकांना माहीत नसतं.

अॅडॉल्फ बेकचं प्रकरण वाचा कोणीतरी. हा लंडनमध्ये राहणारा नॉर्वेजियन. १८९६ला बायकांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, एकामागून एक बायका येऊन सांगत होत्या की हाच तो. हस्ताक्षरतज्ज्ञाने पण सांगितलं हाच तो. सुटून बाहेर आला तर १९०४ला पुन्हा तेच, पुन्हा दोषी! आणि हा तुरुंगात असतानाच तशीच आणखी एक फसवणूक झाली, तेव्हा खरा माणूस सापडला, जॉन स्मिथ नाव लावणारा. भयानक भाग असा की त्या स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती, हे तुरुंगाच्या कागदात वर्षानुवर्षं होतं. १८९८ला ते गृहखात्याच्या लक्षातही आलं, तरी शिक्षा तशीच राहिली. या प्रकरणानंतरच इंग्लंडात १९०७ साली फौजदारी अपिलाचं कोर्ट स्थापन झालं.

तेव्हा ताई, इन्स्पेक्टर फसला हे मला पूर्ण पटतं. त्याला आपला माणूस परत यायला हवा होता. जे बघायचं असतं तेच दिसतं.

रानवाटा :

वा, हा धागा माझ्या आवडीचा. मी दोन वर्षं युकॉनमध्ये काम केलंय, डेम्पस्टर हायवेवरून गाडी हाकलीय, त्यामुळे जंगलाच्या बाजूने लिहितो.

दोन वर्षांचा पाठलाग म्हटल्यावर आपल्याला वाटतं की लेखकाने फेकलीय, पण तिकडच्या पोलिसांच्या नोंदी बघितल्यात तर उलट वाटेल की कमीच लिहिलंय. १९१३ मध्ये कॉपरमाइन नदीकाठी दोन फ्रेंच पाद्री मारले गेले. पोलीस इन्स्पेक्टर लानॉझ १९१५ला निघाला, हिवाळे काढत काढत, दुभाषी बरोबर घेऊन, आणि १९१६च्या उन्हाळ्याच्या तोंडावर कुठे ते दोन इनुइट शिकारी सापडले, सिनिसियाक आणि उलुक्सुक. त्यांनी सरळ सांगितलं की हो आम्ही मारलं, पाद्र्याने बंदूक रोखून आम्हाला गाडी ओढायला लावली, आम्हाला वाटलं हा आता मारणार. मग त्यांना हजारो किलोमीटर दक्षिणेला एडमंटनला आणलं, १९१७चा ऑगस्ट, त्या दोघांनी आयुष्यात कधी एवढा उन्हाळा बघितला नव्हता आणि कोर्टात बसवलेत. एडमंटनच्या ज्युरीने सिनिसियाकला सोडलं, मग कॅलगरीत दुसऱ्या पाद्र्याच्या खुनाबद्दल दोघांवर खटला, तिथे दोषी, फाशी रद्द होऊन जन्मठेप आणि दोनेक वर्षांत सोडून पण दिलं. ज्या कायद्याचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं तो कायदा कुत्र्यांच्या गाडीवर बसून त्यांच्या दारात आला. मला ती कादंबरी यापुढे फिकी वाटते, खरं सांगतो.

आणि पोलिसच मरतो हेही खरं. १९१०च्या डिसेंबरात फिट्झजेराल्ड नावाचा इन्स्पेक्टर तिघांना घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला टपाल घेऊन निघाला. वजन कमी करायचं म्हणून शिधा कमी घेतला. वाटाड्याला नाला सापडला नाही, नुसता एक नाला! परत फिरले, कुत्री मारून खाल्ली, आणि चौघंही मेले, फोर्टपासून पन्नासेक किलोमीटरवर. त्यांना शोधायला गेलेला कॉर्पोरल म्हणजे डेम्पस्टर, त्याच्याच नावाचा तो हायवे. मी त्या रस्त्यावर हीटर लावून चहा पीत गेलोय, आणि दोन्ही बाजूला बघितलं की पोटात गोळा येतो, एक टेकडी दुसरीसारखी.

आता ओळखीचं. तिकडे माणूस म्हणजे तो सांगेल ते नाव. अल्बर्ट जॉन्सनची गोष्ट माहितीय का? १९३१ला रॅट नदीकाठी एकटाच केबिन बांधून राहणारा माणूस. शेजारच्या तिथल्या मूळ रहिवाशांनी तक्रार केली की हा आमच्या फाशांना हात लावतो, पोलीस विचारायला गेला तर दारातून गोळी. मग सुरू झाला पाठलाग, जवळजवळ सात आठवडे, उणे ४०मध्ये, एकट्या माणसाने पायात स्नोशूज घालून रिचर्डसन पर्वत ओलांडला, एक कॉन्स्टेबल त्याने ठार मारला, शेवटी विमान आणावं लागलं तेव्हा १७ फेब्रुवारी १९३२ला ईगल नदीवर गोळ्या घालून संपवला. आणि खिशात दोन हजार डॉलरच्या वर रोख रक्कम, पण तो कोण होता याचा एक कागद नाही. पाठलागभर तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. 'अल्बर्ट जॉन्सन' हे नाव तरी खरं का, तेही नक्की नाही. २००७ मध्ये थडगं उकरून डीएनए काढला, ज्या ज्या घराण्यांनी आमचा माणूस म्हणून दावा केला होता त्यांच्याशी जुळला नाही.

तर जिथे डीएनए काढून नव्वद वर्षांनी माणूस कळत नाही तिथे कॉनिस्टनचा कोट घालून आलेला माणूस कॉनिस्टनच.

कावळा_कोकणातला :

नव्वद नाही, २००७ वजा १९३२ म्हणजे पंच्याहत्तर. बाकी प्रतिसाद लै भारी, अंगावर काटा आला. ठसे मागे घेतो.

रानवाटा :

हो की. पंच्याहत्तर. गणितात कधीच बरा नव्हतो :)

एमबीबीएस_अर्धवेळ_वाचक :

अवांतर : थंडीने फुप्फुस 'गोठून' माणूस मरतो हे त्या काळातल्या उत्तरेकडच्या गोष्टींमध्ये सारखं येतं. प्रत्यक्षात आत घेतलेली हवा नाक घसा श्वासनलिका यातून जाताना तापते, फुप्फुसापर्यंत पोचेस्तोवर गोठवण्याइतकी थंड राहतच नाही. दमा असेल तर त्रास होतो तो वेगळा. कॉनिस्टनला बहुतेक न्यूमोनिया किंवा टीबी असणार. म्हणजे कीथ त्याच्या उशाशी बसून आठवडे काढतोय तर टीबी असेल तर पुढचे सगळे प्रकरण बहिणीलाही खोकल्यासकट मिळणार. सॉरी, रोमान्सची वाट लावली.

शनिवारवाडा_पार्किंग :

एवढे प्रतिसाद झाले आणि कोणीच भाऊसाहेबांच्या तोतयाचं नाव काढलं नाही? मराठी संस्थळ आहे ना हे?

मुळात 'तोतया' हा शब्द इतका सवयीचा झालाय की आपण त्याकडे बघतच नाही. पेपरात रोज असतं, तोतया पोलिसांनी वृद्धेचे दागिने लांबवले. ताईंचा हिरो शब्दशः तोतया पोलीस आहे! फरक एवढाच की दागिने लांबवत नाही.

तर १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ज्या अवस्थेत देह सापडला त्यावरून लोकांचा विश्वास बसेना. भाऊ निसटले, कुठेतरी आहेत, येतील. आणि मग आलाच एक जण. कनोजा ब्राह्मण, सुखलाल असं नाव सांगतात, दिसायला भाऊंसारखा. माधवरावांच्या काळातच पकडून किल्ल्यात डांबला होता. नारायणरावाचा खून होऊन पुण्यात गोंधळ माजला आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभा केला! बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे, हजारोंची फौज, घाट चढायच्या बेतात. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी मोडला, पळून आंग्र्यांकडे गेला, रघोजी आंग्र्यांनी धरून पुण्याला दिला. पुण्यात पंचांपुढे रीतसर चौकशी झाली, रामशास्त्री होते त्यात, भाऊंना ओळखणारी माणसं बोलावली, आणि मग देहदंड.

पण मला या सगळ्यात आठवतात त्या पार्वतीबाई. भाऊंच्या पत्नी, स्वतः पानिपतावर गेलेल्या. त्यांनी वैधव्य स्वीकारलंच नाही, १७८३ला जाईपर्यंत कुंकू लावत होत्या असं सांगतात. एकीकडे नवरा जिवंत आहे ही खात्री, दुसरीकडे त्याचं नाव लावणारा माणूस दारात, आणि हा तो नव्हे. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कर्वुडच्या त्या बहिणीची गोष्ट मला याच्यापुढे फार सोपी वाटते, तिला निदान तरुण देखणा भाऊ मिळाला.

निवृत्त_वकील :

पार्किंगसाहेबांनी बरोबर नस पकडली. बायको आणि बहीण. याच्यावर भावालचा खटला आहे, मी कॉलेजात असताना आमचे प्राध्यापक तास विसरून सांगत बसायचे.

ढाक्याजवळ भावाल नावाची मोठी जमीनदारी. मधला कुमार रमेंद्र नारायण १९०९ साली दार्जिलिंगला गेला, तिथे मेला म्हणून बातमी आली, दहन झालं. बारा वर्षांनी ढाक्यात नदीच्या धक्क्यावर राख फासलेला एक संन्यासी येऊन बसला आणि लोक म्हणू लागले हा तर मधला कुमार. सख्ख्या बहिणीने ओळखला. ज्योतिर्मयी देवी. बायकोने, बिभावतीने, शेवटपर्यंत ओळखला नाही. १९३०ला दावा लागला, हजाराच्या वर साक्षीदार, अंगावरच्या खुणांची यादी, पायाचा जुना व्रण, कातडी, चालणं, सगळं. न्यायाधीश पन्नालाल बसूंनी १९३६ला निकाल दिला की हाच कुमार. हायकोर्ट तेच, आणि १९४६ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही (तेव्हाचं सगळ्यात वरचं अपिलाचं कोर्ट) तेच. निकालानंतर थोड्याच दिवसांत हा माणूस वारला. बायकोने त्याच्या इस्टेटीतला वाटा घेतला नाही म्हणतात, घेतला असता तर त्याला नवरा मानल्यासारखं झालं असतं.

आता आमच्या धंद्यातली गोम सांगतो. कोर्ट जवळच्या नातेवाइकाची ओळख सगळ्यात भारी मानतं, आई, बहीण, बायको. आणि सगळ्यात गरजवंत साक्षीदारही तेच असतात. बहिणीला भाऊ हवा असतो. बायकोला कदाचित नको असतो. दोघी शपथेवर खरंच बोलत असतील.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं कायद्याने उत्तर : मेलेल्याने परवानगी दिली होती हा बचाव चालत नाही. आपल्या जुन्या भादंवि (भारतीय दंड विधान) कलम ४१६ मध्ये तर स्पष्टच होतं की ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असो की काल्पनिक, तोतयेगिरी ती तोतयेगिरी. सरकारी नोकर असल्याचं सोंग हा वेगळा गुन्हा, कलम १७०. मृत्यूची खोटी खबर वेगळी. म्हणजे कीथ खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटला तरी या बाकीच्यांत अडकतोच. कादंबरीकार लोक हे शेवटच्या पानात विसरतात.

मूसजॉची_मामी :

मी पण ताईंच्याच सस्कॅच्युअन प्रांतात, पलीकडे मूस जॉला. ही कादंबरी मी आमच्या इथल्या लायब्ररीत वाचली होती आणि मला वेगळ्याच गोष्टीचा राग आला होता, ताईंनी ती लिहिलीच नाही म्हणून लिहितेय. त्यातला शान टुंग. गावातला चिनी हॉटेलवाला. एकदा बघितलेला चेहरा विसरत नाही असा माणूस, आणि सगळ्या गावात फक्त तो कीथला ओळखतो. आणि लेखकाने त्याला काय केलंय तर व्हिलन, गोऱ्या मुलीवर डोळा ठेवणारा, कपटी, जे काय त्या काळी चिनी माणसाबद्दल लिहायचे ते सगळं. वाचताना अंगावर येतं.

आता खरं काय होतं ते बघा. चिनी माणसाला कॅनडात यायचं तर डोईपट्टी भरायला लागायची, १८८५ला ५० डॉलर, १९०३पासून ५०० डॉलर. गोऱ्यांना नाही, फक्त यांना. त्याचं सर्टिफिकेट जन्मभर सांभाळायचं, पुढेपुढे त्याच्यावर फोटोही आला. म्हणजे ज्या मुलखात इंग्रज माणूस कोट झटकून "मी कॉनिस्टन" म्हणाला की झालं, तिथे स्वतःची ओळख फोटोसकट कागदावर दाखवायची सक्ती होती ती चिन्यांना! आणि १९१२ला आमच्या या प्रांताने कायदा केला की चिनी मालकाने गोऱ्या बाईला कामावर ठेवायचं नाही. इथल्याच मूस जॉच्या क्वाँग विंग नावाच्या हॉटेलवाल्याने दोन वेट्रेस ठेवल्या म्हणून त्याला दंड झाला, तो पार सुप्रीम कोर्टात गेला आणि १९१४ला हरला. मी त्या रस्त्यावरून रोज कामाला जाते.

मग प्रिन्स अल्बर्टच्या चिनी हॉटेलवाल्याने चेहरे लक्षात ठेवले तर नवल काय? त्याला ठेवावेच लागणार. कोण दंड करायला आलाय, कोण फुकट खायला, कोण काच फोडायला. गोरे लोक म्हणायचे हे सगळे सारखेच दिसतात, आणि त्यांच्यातल्याच दोघांत फरक कळला तो एकट्या त्याला. लेखकाने हे लिहून ठेवलं आणि त्याचं त्यालाच दिसलं नाही.

कावळा_कोकणातला :

मामी __/\__

हे खरं परीक्षण.

रानवाटा :

मामींशी सहमत. फक्त कर्वुडची थोडी बाजू घेतो, या बाबतीत नाही, जंगलाच्या बाबतीत. माणूस मिशिगनचा, ओवोसोचा, तिथे त्याने लिहायला छोटा किल्ला बांधून घेतला होता, आता म्युझियम आहे. आधी धडाधड शिकार करणारा, नंतर पालटला आणि वन्यजीव वाचवा म्हणून मागे लागला. अस्वलावरच्या त्याच्या कादंबरीवरून १९८८ला फ्रेंच दिग्दर्शकाने 'द बेअर' काढला, तो खूप जणांनी बघितला असेल, पुस्तक कोणाचं हे माहीत नसतं. अस्वलाच्या मनात शिरला हा माणूस आणि चिनी माणसाच्या मनात शिरता आलं नाही, हे मात्र आहे.

आणि नदीबद्दल कोणीच बोलत नाहीये. उत्तर सस्कॅच्युअन नदी रॉकी पर्वतातल्या हिमनदीतून निघते, हजार किलोमीटरच्या वर वाहत प्रिन्स अल्बर्टला येते, आणि पुस्तकातला 'शेवट' म्हणजे तिचा उगम आहे, कीथला उलटं जायचंय, डोंगराकडे. आपण मुखाला शेवट म्हणतो. हे मला तेव्हा फार आवडलं होतं. ज्याला पोलिसाच्या नावाने गावात राहायचंय त्याचं सगळं लक्ष जिथे नाव विचारत नाहीत तिकडे.

प्रेअरीतली_सांगलीकर :

बापरे, मी कामावरून आले आणि एवढे प्रतिसाद! सगळ्यांना वेगवेगळं लिहिते.

वकीलकाका, बेकचं प्रकरण रात्री वाचत बसले, झोप गेली. भावालचं आईला माहीत होतं! म्हणाली आमच्या लहानपणी मासिकात यायचं.

डॉक्टर, तुम्ही पाप केलंत.

मामी, तुम्ही म्हणताय ते खरं आहे आणि मला लाज वाटतेय की माझ्या लिहिण्यात त्याचं नावही आलं नाही. मी वाचताना ती पानं भरभर उलटली, 'जुनं पुस्तक, असणारच' म्हणून. आणि मी स्वतः इथे वर्क परमिट, पीआर (कायम रहिवासी) कार्ड, दर वेळी फोटो, डोळे सरळ, हसायचं नाही, असं करत आले. मला तरी दिसायला पाहिजे होतं. मूस जॉला आले की भेटू का? मी ड्राइव्ह करते, फक्त हायवे बंद नसला पाहिजे.

पार्किंगसाहेब, तुमचं पार्वतीबाईंचं मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने जो प्रश्न काढला तो एवढ्या जणांत कोणीच काढला नाही. म्हणाली, "अगं चेहऱ्याचं जाऊ दे, आवाज? आवाजावरून नाही कळलं होय तिला?" कॉनिस्टन इंग्लंडचा, कीथ इकडचा. चार वाक्यं बोलला की कळणार ना. मला नवऱ्याचा फोन आला तर हॅलोवरून कळतं की जेवला का नाही ते. लेखक म्हणतो लहानपणी ताटातूट झाली, वर्षं गेली वगैरे, पण मला तिथे पटलं नाही.

निवृत्त_वकील :

आईंना माझा नमस्कार सांगा. उलटतपासणीत हा पहिला प्रश्न असायला हवा होता.

प्रेअरीतली_सांगलीकर :

सांगितलं. म्हणतेय "फी किती देणार विचार".

अजून शेवटची तीन प्रकरणं तिला सांगायची राहिलीत, कोणी शेवट फोडू नका, ती आता हा धागा पण वाचते.